कळ सांगते काय?

मासिक पाळीच्या दिवसांत ओटीपोटात उठणारी कळ बाईच्या जातीला चुकत नाही, असे म्हणून हा विषय बहुधा मिटवला जातो. बीड जिल्ह्यात या मौनाची किंमत फार मोठी मोजावी लागली आहे.

दसरा-दिवाळीनंतर येथील हजारो जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पतिपत्नी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवसाचा खाडा पडला तरी दंड कापला जातो. फडावर न्हाणीघर नाही, शौचालय नाही. डोक्यावर मात्र मोळी आहेच. अशा वेळी वेदना किंवा अंगावरून जाणे सुरू झाले की अनेकींना एकच उपाय सुचवला गेला, तो म्हणजे पिशवी काढून टाकण्याचा. २०१९ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

वस्तुतः या वेदनेचा विचार आपल्याकडे प्राचीन काळापासून झालेला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे वर्णन असून त्यांत 'उदावर्तिनी' ही एक आहे. खाली जाणाऱ्या वायूची गती उलटते, त्यामुळे स्राव कष्टाने होतो आणि तो मोकळा झाला की आराम पडतो, असे तिचे लक्षण सांगितले आहे. स्नेहन, स्वेदन व बस्ती हे तिचे उपचार होत.

आधुनिक वैद्यक हीच अवस्था वेगळ्या भाषेत मांडते. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात. ती वाढली की गर्भाशय जोराने आकुंचन पावते, त्याचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो आणि कळ उठते. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ही द्रव्ये तयार होणे रोखतात. पित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही खरोखर उपयोगी पडतो. वैद्याचे स्वेदन आणि आजीचा शेक येथे एकत्र येतात.

प्रत्येक कळ मात्र साधी नसते. वर्षानुवर्षे सोसवणारी वेदना एकाएकी वाढली, पाळी नसतानाही दुखू लागले, रक्तस्राव फार झाला, ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त पाणी जाऊ लागले, तर मागे गाठ, जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. तेव्हा तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. यांतील अनेक विकार औषधाने आटोक्यात येतात. गर्भाशय काढणे हा काही आजारांत आवश्यक, परंतु शेवटचा उपाय आहे. त्याच्यासोबत बीजांडकोशही तरुण वयात काढले गेले, तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. बीड येथील जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी उपलब्ध आहेत.

फडावरच्या स्त्रीला विश्रांती परवडली नाही, म्हणून तिने अवयव गमावला. आपल्या घरात विश्रांती परवडते, पण ती दिली जाते का? चार दिवस बाजूला बसण्याची रीत कोणी पाळो वा न पाळो, त्या दिवसांत लेकीला, सुनेला, घरकामाला येणाऱ्या बाईला "फार दुखते का?" असे विचारण्याची रीत प्रत्येक घरात असावी. दुसऱ्याचे दुःख जाणणे ही अहिंसेची पहिली पायरी आहे, आणि ती घराच्या उंबरठ्याच्या आतच सुरू होते.