दुसरी खोली नसलेलं घर

तर झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आम्ही दोघं ताम्हिणी घाटाने खाली उतरलो, आणि आमचं घर आमच्या मागे होतं. म्हणजे अक्षरशः मागे! ड्रायव्हिंग सीटच्या पाठीशी पलंग, पलंगाला लागून दीड हाताचा ओटा, वर पाण्याची टाकी. नवरोबांच्या एका मित्राने हौसेने टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करून घेतलीय, ती चार दिवसांसाठी उसनी मिळाली होती. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय म्हणे. नवरोबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. एखादी गोष्ट पटवायची असली की तो असंच करतो.

मला मात्र वेगळंच काहीतरी सांगायचं होतं. ऑफिसने मला बंगळुरूचा प्रोजेक्ट देऊ केला होता. दोन वर्षांसाठी. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आणि हे मी तीन आठवडे नवऱ्याला सांगितलंच नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, एका घरात राहून? अहो, एका घरातच तर जमतं ते! २०२० पासून तो बेडरूममध्ये आणि मी हॉलमध्ये, दोघांच्या कानात हेडफोन. 'चहा?' हेसुद्धा आम्ही भिंतीपलीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. पुण्यातल्या टू बीएचकेची हीच तर सोय आहे. विषय नको असला की माणूस दुसऱ्या खोलीत जातो.

पहिली रात्र हरिहरेश्वरला छान गेली. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवली, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरलो, की लागला रत्नागिरी जिल्हा. इथवर सगळं फोटोत टाकण्यासारखं होतं.

मग आलं केळशी.

केळशीतले रस्ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन्हीकडे जांभ्या दगडाचे गडगे, आणि मधून जेमतेम एक गाडी. आमची गाडी त्या जेमतेममध्ये बसत नव्हती. मी खाली उतरून 'डावीकडे, अजून डावीकडे' करत होते, तो म्हणत होता, "तुझी डावी की माझी डावी?" समोर एक स्कूटर, मागे एक रिक्षा, आणि गडग्यावरून बघणारी चार मुलं. वीस मिनिटं रिव्हर्स घेतल्यावर 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय' अशी पाटी दिसली आणि आम्ही त्या अंगणात शिरलो.

तिथल्या काकूंना आमचा प्रकार काही झेपेना.

"गाडीत कशाला निजता? माडीवरची खोली रिकामी आहे की."

नवरोबांनी त्यांना सविस्तर समजावलं. गादी, गॅस, टाकी, सगळं दाखवलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे घर बरोबर घेऊन फिरता. मग घरातून निघालात कशाला?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. जेवण झाल्यावर भांडण मात्र झालं. सुरुवात 'तुझी डावी'वरून, मग सासरी-माहेरी जाऊन, शेवटी माझ्या तोंडून बंगळुरू निघालंच.

तो उठला. सवयीने. आणि दोन पावलांवर ओट्याला धडकला. जायला खोलीच नव्हती! बाहेर पडावं तर ओसरीवर काकू सुपाऱ्या निवडत बसलेल्या. मग तो पुन्हा येऊन पलंगाच्या कडेला बसला. कॅरव्हॅनमध्ये रोमान्स असतो असं जाहिरातवाले सांगतात, ते सोडून द्या. त्या रात्री एकच पांघरूण होतं आणि आम्ही दोघं पाठ करून जागे होतो. एकाने कूस बदलली की सगळी गाडी हलायची. झोपेचं सोंगही घेता येईना.

शनिवारी दाभोळ. खाडीवर पूल नाही, फेरी टाळायची तर चिपळूणला मोठा वळसा. गाडी चढली, बोट सुटली, आम्ही कठड्याशी उभे. निम्म्यात आल्यावर त्याने विचारलं,

"तुला जायचंय?"

"हो."

तो समुद्राकडे बघत राहिला. मग बोट करून म्हणाला, "तिकडे अंजनवेल. एन्रॉन." मला इतकं हसू आलं, की डोळ्यांत पाणी आलं. किंवा उलटं असेल. धोपावे येईपर्यंत तोही नाक पुसत होता, वाऱ्याने म्हणे.

पुढच्या प्रवासात वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगडला जाणारी तिसरी फेरी, गणपतीपुळे, सगळं झालं. बघितलं की नाही, ते विचारू नका. आम्ही बोलत होतो. भाडं किती पडेल, महिन्यातून कोणी कधी यायचं, त्याच्या आईला कोणी सांगायचं. त्याला राग आला होता तो मी जाण्याचा नव्हताच. "तीन आठवडे तू माझ्यासमोर जेवत होतीस," एवढंच तो आंबा घाटात दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा मी गप्प बसले, कारण ते खरं होतं.

रविवारी रात्री साडेअकराला घरी पोचलो. दिवे लावले. तो बेडरूममध्ये गेला, मी हॉलमध्ये. मेल लिहिलं, पाठवलं. घर भलतंच मोठं वाटत होतं.

थोड्या वेळाने बघते तर नवरोबा गायब. खाली पार्किंगमध्ये गेले, तर हा गाडीत, चादरीतली वाळू झटकतोय.

"पाठवलं?"

"हो. १ एप्रिलला जॉइनिंग."

"एप्रिल फूल?"

"नाही."

त्याने उशी सरकवून जागा केली. रात्री दोनच्या सुमाराला काचेवर टकटक झाली. वॉचमनकाका टॉर्च घेऊन उभे.

"साहेब, घराची किल्ली हरवली का?"