गर्भवतीची प्रतिकारशक्ती : दुबळी की आक्रमक?

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. त्याच साथीत अमेरिकेतून एक अस्वस्थ करणारा आकडा आला. लोकसंख्येत जेमतेम एक टक्का असलेल्या गर्भवतींचे मृतांमधील प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात होते. उत्तर तयारच होते : गर्भाला परका मानून शरीराने नाकारू नये, म्हणून आईची प्रतिकारशक्ती मंदावते. पीटर मेदावर यांच्या १९५३ मधील मांडणीतून आलेले हे गृहीतक अर्धशतकाहून अधिक काळ ठाण मांडून होते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील कॅथरीन ब्लिश यांच्या गटाने २०१४ मध्ये त्याला धक्का दिला. गर्भवतींच्या रक्तातील 'नॅचरल किलर' आणि टी पेशी फ्लूच्या विषाणूसमोर इतर स्त्रियांच्या पेशींहून अधिक आक्रमक ठरल्या. या अतिरेकी माऱ्यातच फुप्फुसांची हानी होत असावी, असा संशोधकांचा तर्क. वाढत्या गर्भाशयाने आधीच दबलेल्या फुप्फुसांनी तो सोसावा तरी कसा? प्रयोगशाळेतला निष्कर्ष रुग्णशय्येला जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. परंतु विषाणूला शिरकावापूर्वीच रोखण्याचे, म्हणजे लशीचे महत्त्व त्याने वाढते.

आणि नेमके तिथेच आपण कचरतो. लशींच्या चाचण्यांतून गर्भवतींना 'काळजीपोटी' वगळले जाते. भारतात कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. गर्भवतींना परवानगी मिळाली २ जुलैला. तोवर दुसरी लाट ओसरली होती, आणि त्या लाटेत गर्भवतींचा मृत्युदर पहिल्या लाटेपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेच नोंदवले होते.