मुलासाठी लाकडी बावर्चीखाना

मे महिन्याची सुट्टी लागली की पालकांचे दोन प्रश्न हमखास आमच्याकडे येतात. पहिला, मुलाच्या हातातला मोबाइल कसा सोडवायचा? दुसरा, दिवसभर त्याला गुंतवायचे कशात? या महिन्यात दोन्ही प्रश्नांना आमचे उत्तर एकच आहे. चार फळ्या आणा, मुलाला शेजारी बसवा आणि त्याच्यासाठी एक छोटा लाकडी बावर्चीखाना घरीच तयार करा. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा अधिक दिवस पुरणारे खेळणे आम्हांला तरी माहीत नाही.

खेळ जुनाच आहे. मराठीत आपण त्याला भातुकली म्हणतो, त्या शब्दात भात शिजतो आहे. उर्दूत तोच खेळ ‘हंडकुल्हिया’ आहे. त्यात हंडी आहे आणि कुल्हिया, म्हणजे मातीचे छोटे भांडेही आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत आजही लाकडी भातुकली मिळते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यांची सुरुवात तर टिपू सुलतानाने बोलावलेल्या इराणी कारागिरांपासून झाली, असे तिथली परंपरा सांगते. म्हणजे लाकडाचे खेळणे आपल्या घरांना परके नाही.

काही घरांत विचारतात, दीनदार घरात इतके खेळ कशाला? हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत. प्रेषित (स.) घरात आले की त्यांच्या मैत्रिणी संकोचून लपत, आणि प्रेषित (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवत, असे हदीसमध्ये आले आहे. त्या खेळण्यांत कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे विचारल्यावर हजरत आयेशांनी (रजि.) हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांचा दाखला दिला आणि प्रेषित (स.) मनापासून हसले. मुलाच्या कल्पनेला त्या घरात अशी जागा होती.

दुसरी हरकत मात्र जास्त वेळा ऐकू येते. ‘मुलीसाठी ठीक आहे हो, पण मुलाला चूल कशाला? त्याला बॅट आणून द्या.’ आमच्या ओळखीच्या एका घरात चार वर्षांचा मुलगा बहिणीच्या भातुकलीत रोज चहा करी. पाहुणे हसू लागले तसे दादींनी त्याला तिथून उठवले. दादींचे प्रेम कमी नव्हते. नातवाला कोणी हसू नये एवढेच त्यांना वाटले. पण त्या दिवशी त्या मुलाने एक गोष्ट पक्की शिकली, की स्वयंपाक हे हसण्याचे काम आहे आणि ते आपले नव्हे.

या शिकवणीचे फळ आम्ही वर्गात पाहतो. रमजानमध्ये पाचवी-सहावीच्या काही मुली पहिल्या तासाला पेंगतात. विचारले तर कळते, सहेरीसाठी त्या अम्मीबरोबर उठल्या होत्या, पीठ मळले, भांडी आवरली. त्याच घरातला भाऊ ताट वाढल्यावर उठला होता. रोजा दोघांचा, कष्ट एकीचे. प्रेषित (स.) घरात काय करत, असे हजरत आयेशांना (रजि.) विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही सुन्नत मुलाला बाराव्या वर्षी भाषण देऊन शिकवता येत नाही. चौथ्या वर्षी खेळातून ती सहज अंगी लागते. म्हणून आमचे म्हणणे असे, की लाकडी बावर्चीखाना मुलगी असो वा मुलगा, दोघांसाठी करा. आणि शक्य असेल तर तो अब्बांनी करावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

उंची आधी ठरवा. मुलाला सरळ उभे करून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. खेळाचा ओटा त्याच्या तीन-चार इंच खाली हवा. चार वर्षांच्या मुलासाठी २० इंच साधारण बरोबर येते. आमचे माप असे: ओटा २४ इंच रुंद आणि १२ इंच खोल. त्यासाठी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे तुकडे लागतील. वरची फळी २४ बाय १२ इंच, दोन बाजू प्रत्येकी १२ बाय सव्वाएकोणीस इंच, आतला कप्पा साडेबावीस बाय १२ इंच आणि पुढची बटणांची पट्टी साडेबावीस बाय ३ इंच. पाठीला १२ मिलिमीटरचे २४ बाय ३६ इंचाचे प्लाय लावा, म्हणजे ओट्यामागे १६ इंचांची भिंत उभी राहते आणि चमचे अडकवायला जागा होते. वाया जाणारे धरून जाड प्लाय ९ चौरस फूट आणि पातळ ६ चौरस फूट पुरते. अख्खा ताव घेऊ नका. सुताराच्या किंवा फर्निचरच्या कारखान्यात उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, आणि माप सांगितले तर तिथेच कापूनही देतात. घरात जुने कपाट किंवा टीपॉय असेल तर त्याच्या फळ्याही चालतील.

मोरीसाठी सात इंची स्टीलचा काठवाला वाडगा घ्या. ओट्याच्या एका बाजूला साडेसहा इंचांचे गोल भोक सुताराकडून पाडून घ्या. वाडगा काठावर अडकून बसतो आणि धुवायला उचलता येतो. भोकातून निघालेली चकती टाकू नका, कडा घासल्या की तिचा पोळपाट होतो. दुसऱ्या बाजूला चार इंचांच्या दोन काळ्या लाकडी चकत्या चिकटवा, ही शेगडी. पुढच्या पट्टीवर ड्रॉवरचे दोन लाकडी नॉब बोल्टने बसवा. मागून नट असा आवळा की नॉब फिरेल, पण निघणार नाही.

जोडणीला खिळे नकोत, स्क्रू वापरा. खिळा सैल होऊन वर येतो आणि हाताला लागतो. स्क्रूआधी बारीक भोक पाडा म्हणजे प्लाय फाटत नाही. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. सगळे कोपरे गोल करा. हे काम मुलाला द्या. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून दिला की चार वर्षांचे मूल मन लावून घासते. करवत आणि ड्रिल मात्र मोठ्यांच्याच हातात.

सुरक्षेच्या चार गोष्टी विसरू नका. एक, मूल वरच्या कडेला लोंबकळते, म्हणून पाठ भिंतीला दोन लोखंडी अँगलने पक्की करा. दोन, दार लावू नका, बिजागरीत बोटे सापडतात. जुन्या दुपट्ट्याचा पडदा पुरे. तीन, रंग जपून निवडा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. तेव्हा डब्यावर तशी नोंद पाहून पाण्यात मिसळणारा रंग घ्या. फार जुने रंगवलेले लाकूड घरात घासू नका, त्या धुळीत शिसे असू शकते. रंगच नको असेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि तेलाची चिंधी गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. गोळा झालेली चिंधी आपोआप तापून पेटू शकते. चार, घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर बिया, मणी, झाकणे अशा तोंडात जाणाऱ्या वस्तू भातुकलीत ठेवू नका. काच आणि बटनसेल तर कोणत्याच वयाला नको.

भांडी विकत आणायची घाई नको. घरातली छोटी पातेली, चहाची गाळणी, मोडका झारा, मसाल्याचा रिकामा डबा, एवढ्याने दुकान भरते. गव्हाच्या पिठाचा गोळा द्या. त्याच्या पोळ्या लाटताना बोटांत जोर येतो, आणि पुढे पेन्सिल धरायला तोच उपयोगी पडतो. चिंध्यांचे समोसे, सुकलेल्या पानांचा पुलाव, हे मूल स्वतः ठरवील. ‘चार माणसांना दोन-दोन समोसे, मग एकूण किती?’ असे खेळताखेळता विचारा. पाढ्यांची सुरुवात तिथेच होते. घरात बोलता ती भाषा, दखनी असो, कोकणी असो, खेळात तशीच येऊ द्या. पदार्थांची उर्दू आणि मराठी नावे दोन्ही सांगा.

अदब शिकवायला ही जागा मदरशाइतकीच चांगली आहे. लहानग्या उमर बिन अबी सलमा (रजि.) यांचा हात जेवताना ताटभर फिरत होता, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना रागावून नव्हे, तर सांगून शिकवले, की अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे, आपल्या समोरचे खावे. लुटुपुटीच्या दस्तरखानावर हे तिन्ही धडे सहज होतात. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) रस्सा करताना पाणी वाढवून शेजाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितले होते. तेव्हा मुलाने पुलाव ‘शिजवला’ की विचारा, ‘शेजारच्या खालांकडे पाठवलास का?’ रमजानमध्ये तोच मुलगा खऱ्या इफ्तारीचे झाकलेले ताट घेऊन शेजारी जाईल, मग शेजार कोणत्याही धर्माचा असो.

एक विनंती अब्बांना. फक्त लाकूड कापून मोकळे होऊ नका. आठवड्यातून एकदा त्या छोट्या ओट्यासमोर मांडी घालून बसा आणि मुलाने दिलेला रिकाम्या कपातला चहा प्या. मग उठून खऱ्या मोरीत आपला खरा कप धुवा. मूल पाहत असते. खेळ आणि घर यांत त्याला फरक दिसला नाही, तर पुढे वेगळे काही सांगावे लागत नाही.

मूल सात-आठ वर्षांचे झाले की ओटा त्याला ठेंगणा होईल. तेव्हा तो माळ्यावर टाकू नका. अँगल काढा, एकदा पॉलिश पेपर मारा आणि मोहल्ल्यातल्या अंगणवाडीला किंवा लहान मूल असलेल्या घरी देऊन टाका. आपल्या मुलाला आता खऱ्या ओट्याशी उभे करा. भाजी निवडणे, तांदूळ धुणे, दस्तरखान अंथरणे आणि उचलणे ही कामे त्या वयाला येतात. मुलगी असेल तर तिला येतात, आणि मुलगा असेल तर त्यालाही.