तुमच्या धंद्याचा ‘पार’ किती?



खारघरला सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते बाहेरूनच पाहिलंय. पण गोल्फमधला एक शब्द आपण सर्रास वापरतो. “आमची क्वालिटी मोठ्या ब्रँडच्या ॲट पार आहे,” असं म्हणतो ना, त्यातला ‘पार’. (पिंपळाचा पार वेगळा!)

मूळ शब्द लॅटिन, अर्थ ‘समान’. गोल्फमध्ये तो शेअर बाजारातून आला. शेअर दर्शनी किमतीलाच विकला गेला, तर तो ‘ॲट पार’. १८७० साली स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला ओपन स्पर्धा होती. मैदान १२ होलचं. डोलमन नावाच्या गोल्फ-लेखकाने दोन कसलेल्या खेळाडूंना विचारलं, इथे बिनचूक खेळलं तर किती फटके लागतील? ते म्हणाले, ४९. डोलमनने त्या आकड्याला ‘पार’ म्हटलं. तीन फेऱ्यांचे झाले १४७. यंग टॉम मॉरिस जिंकला तो १४९ फटक्यांत! गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, म्हणजे विजेतासुद्धा पारपेक्षा दोनने मागेच होता. पार म्हणजे सरासरी नव्हे, हे इथेच कळतं.

पण मला खरी आवडते ती पार मोजायची पद्धत. ‘पार ४’चं होल असेल, तर दोन फटक्यांत चेंडू हिरवळीवर जायला हवा. उरलेले दोन फटके शेवटच्या हलक्या टोल्यांसाठी, त्यांना ‘पट’ म्हणतात. प्रत्येक होलला असे दोन धरलेलेच असतात. १८ होल, पार ७२, त्यातले ३६ पट. अर्धा हिशेब!

आपण धंद्यात नेमके हेच विसरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. समजा, तुम्ही कोपरखैरण्यात घरी चकली करता. अर्ध्या किलोला भाजणी, तेल, गॅस, बाईंची मजुरी धरून १५० रुपये लागले. भाव ठेवला २२०. वाटलं, ७० सुटले! आता दुकानदाराचे २० टक्के, म्हणजे ४४ गेले. पाकीट आणि लेबल १५. उरले ११. त्यातून वाशीपर्यंतची रिक्षा, तुटून परत आलेला माल, आणि पैसे महिन्याने. तुमची स्वतःची मजुरी तर कुठेच नाही.

चकली उत्तमच आहे हो. पहिला फटका झकास बसलाय. हिरवळीवरचे पट मोजलेच नाहीत.

म्हणून भाव सांगण्याआधी एक कागद घ्या. डावीकडे माल तयार होईपर्यंतचा खर्च, उजवीकडे माल तयार झाल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंतचा. उजवी बाजू रिकामी असेल, तर दुकानदाराला आज फोन करू नका. आधी ती भरा, मग २२० चे २६० करायचे की दुकान सोडून थेट सोसायट्यांमध्ये विकायचं, ते ठरवा.