खोट्या हजेरीवर घडणारा डॉक्टर

दहावीचा निकाल लागताच महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत जी धावपळ सुरू होते, तिला पालक अभिमानाने ‘मेडिकलसाठी मुलीला मदत’ असे म्हणतात. ही मदत म्हणजे नेमके काय, हे एकदा तपासायला हवे. लातूर, नांदेड, पुणे किंवा थेट कोटा येथील क्लासचे शुल्क भरले जाते, राहण्याची खोली ठरते आणि त्याच क्लासच्या कार्यालयात बसून एका कनिष्ठ महाविद्यालयाचा प्रवेशअर्जही भरला जातो. त्या महाविद्यालयात मुलीने दोन वर्षे पाऊल ठेवायचे नसते. ‘हजेरीचे आम्ही पाहतो’ असे चालक सांगतो आणि आईवडील निर्धास्त होतात. या व्यवहाराला ‘टाय-अप’, ‘इंटिग्रेटेड’ अशी भारदस्त नावे आहेत. साध्या मराठीत त्याला खोटी नोंद म्हणतात.

म्हणजे उद्या रुग्णाच्या कागदावर सही करणाऱ्या हाताला सोळाव्या वर्षी पहिला धडा मिळतो तो हा, की न घडलेली गोष्ट घडली असे लिहिता येते, आणि वडीलधाऱ्यांच्या संमतीने लिहिता येते. बारावीच्या विज्ञान विषयांत ७० गुण लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. ब्युरेट कधी हाती न धरलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी कधी न पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या पदरात हे ३० गुण कसे पडतात? जर्नल कोण लिहिते? हे प्रश्न घरात कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते. पुढे हेच पालक डॉक्टर अनावश्यक तपासण्या लिहून देतात म्हणून हळहळतात!

ही कीड पसरण्यास कारण आहे. २०१६ पासून वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या गुणांवरच ठरू लागले. बारावीला ठरावीक विषय उत्तीर्ण होणे पुरेसे ठरले आणि महाविद्यालयाचा वर्ग निरुपयोगी मानला गेला. एकच परीक्षा असण्याला विरोध करण्याचे कारण नाही. संस्थागणिक निराळ्या परीक्षा आणि देणग्यांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, ते त्या दिवसांकडे परत जाऊ इच्छिणार नाहीत. महाराष्ट्राने देणगीबंदीचा कायदा १९८७ मध्येच केला होता. तो किती पाळला गेला हे सर्वश्रुत आहे. परंतु एका परीक्षेसाठी दोन वर्षांचे शिक्षणच गुंडाळून ठेवावे, असे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही.

‘महाविद्यालयात शिकवतच नाहीत, मग काय करणार?’ हा पालकांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. अनेक ठिकाणी पदे रिक्त आहेत, प्रयोगशाळा धूळ खात आहेत. पण रिकाम्या वर्गाला शिक्षक कोण देणार? ज्या ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर आज दुकाने चालतात, त्याचा उगम महाविद्यालयाच्या वर्गातच झाला होता. प्राध्यापकांनी जादा तास घेतले, सराव परीक्षा घेतल्या आणि मराठवाड्यातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकली. नाव तेवढे उरले, वर्ग मात्र ओस पडला.

शासनही जागे आहे असे दिसत नाही. २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. तरीही ‘टाय-अप’ थांबले नाहीत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता अशाच बनावट प्रवेशांमुळे काढून घेतली. तसे धैर्य राज्य मंडळाने दाखवावे. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये दिली. कोट्यात तर ऑगस्ट २०२३ मध्ये वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढावा लागला. मुलगा गळफास घेईल या भीतीने पंख्याची रचना बदलणारी व्यवस्था अभ्यासाचे ओझे मात्र बदलत नाही.

खरी मदत फारशी खर्चिक नाही. तिला वेळ लागतो, आणि बहुधा म्हणूनच ती टाळली जाते. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय फेरीत जातात आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात, एवढे तरी आईवडिलांनी स्वतः वाचून समजून घ्यावे. पसंतीक्रम भरून देण्यासाठी हजारो रुपये घेणाऱ्या सल्लागाराकडे असलेली बहुतेक माहिती कक्षाच्या विनामूल्य पुस्तिकेत असते. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते, हेही मुलीला आधीच सांगावे. डॉक्टर होण्याची इच्छा तिची आहे की तीर्थरूपांची, हेही त्याच बैठकीत विचारता येईल.

कागदपत्रांचा प्रश्न याहून गंभीर आहे. अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता यांपैकी एक कागद वेळेत आला नाही, तर गुण असूनही जागा हातची जाते, आणि ती बहुधा खेड्यातील, पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाची असते. शहरातील सुशिक्षित पालक आपल्या पाल्याचे कागद जमवताना हीच वाट चालतात. तालुक्याच्या ठिकाणी पाच-सहा कार्यकर्त्यांनी अकरावीतच अशा मुलांची यादी करून वैधतेचे अर्ज भरून घेतले, तर दोन वर्षांचा अवधी हाताशी राहतो. तहसील कार्यालयातील रांग जून महिन्यात किती लांब होते, हे त्यांना सांगायला नको.