शाळेवर अधिकार कोणाचा? दिल्लीचा, मुंबईचा की प्रतापनगरचा?

१/ नागपूरच्या प्रतापनगरातील मुलाने पहिलीत कोणत्या भाषा शिकाव्यात, हे कोण ठरवते? एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली आणि २९ जूनला माघार घेतली. वाद भाषेचा म्हणून गाजला. त्याच्या मुळाशी असलेला अधिकाराचा प्रश्न मात्र फार जुना आहे.

२/ १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिले. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा. परंतु व्यवस्थापन सर्वस्वी त्यांच्या हाती जाऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असे त्यांचे मत होते. स्थानिक सत्ता म्हणजे बहुधा उच्चवर्णीयांची सत्ता, अशा काळातील ही भूमिका आहे.

३/ १९१९ च्या कायद्याने शिक्षण प्रांतिक मंत्र्यांकडे आले. १९३७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना मांडली: दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी. कल्पना स्वावलंबनाची होती; पण 'मंदिर' या नावावर मुस्लिम समाजातून तीव्र आक्षेप आला. निर्णय दिल्लीऐवजी नागपुरात झाला, एवढ्याने तो सर्वांना आपला वाटत नाही.

४/ १९५० च्या संविधानात शिक्षण प्रामुख्याने राज्यसूचीत होते. आणीबाणीत, विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात असताना, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले. केंद्र व राज्य यांच्या कायद्यांत विसंगती आल्यास सामान्यतः केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. एवढा मोठा बदल मोकळ्या चर्चेविना झाला, ही त्याची कायमची उणीव आहे.

५/ तरीही केंद्राला केवळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने देशभरातील ६ ते १४ वयोगटाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असावेत, असे सांगितले. दुसरी बाजूही आहे: पीएम श्री योजनेचा करार न केल्याने तमिळनाडूचा समग्र शिक्षा निधी अडला. हक्क देणारा हातच निधी रोखू शकतो.

६/ मग शहराच्या हाती काय उरते? ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, ग्रामीण संस्थांसाठी, प्राथमिक व माध्यमिक शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना, एवढाच मोघम शब्दप्रयोग आहे.

७/ त्यातच मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. महापालिकेच्या शाळेची तक्रार घेऊन पालकांनी जावे, असा नगरसेवकच नव्हता. स्थानिक नियंत्रणाचे गोडवे गाणाऱ्यांनी या रिकाम्या सभागृहाकडेही पाहावे.

८/ म्हणून 'केंद्र की स्थानिक' ही निवडच अपुरी आहे. हक्काची हमी आणि निधी वरून यावा, तोही अटींच्या दोरीविना. शाळेचा दैनंदिन कारभार पालकांच्या समितीकडे व निवडून आलेल्या सभागृहाकडे असावा. आणि त्या दोघांवर, फुल्यांनी मागितली तशी, देखरेख असावी. कारण वस्तीतील सर्वांत दुर्बळ मुलाला दाद मागायला वस्तीबाहेरचे एक दार उघडे लागते.