ग्रंथ वाचायला कोण शिकवणार?

हिंगोलीहून वाशीमकडे निघालेला प्रवासी जिल्ह्याची हद्द ओलांडण्यापूर्वी कनेरगाव नाका या गावी येतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत या परिसरातील हद्द दोन जिल्ह्यांची नव्हती, दोन राज्यांची होती. अलीकडचा मराठवाडा हैदराबाद राज्यात आणि पलीकडचे वऱ्हाड मध्य प्रदेशात. ती राज्ये गेली, त्या सीमा पुसल्या गेल्या. ‘नाका’ हा शब्द मात्र गावाच्या नावात कायमचा मुक्कामाला राहिला.

त्याच पलीकडच्या वऱ्हाडात, यवतमाळ येथे, १९५३ साली अनेक प्रॉटेस्टंट मिशनांनी एकत्र येऊन ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ ही संस्था स्थापन केली. धर्मोपदेशक घडविणारे हे महाविद्यालय तीस वर्षे यवतमाळात चालले आणि १९८३ साली पुण्यात बिबवेवाडीला गेले. यवतमाळात ही संस्था उभी राहिल्यानंतर वर्षभरातच, १९५४ साली, मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. नियोगी अहवालाचे नाव संघटनेच्या कार्यकर्त्याला पाठ असते. बौद्धिक वर्गांतून त्याचा उल्लेख हमखास येतो. परंतु यवतमाळच्या त्या संस्थेत पहिल्या वर्षाच्या मुलाला काय शिकवीत होते, याची चौकशी करावीशी किती जणांना वाटली?

ती करण्याजोगी आहे. बायबलच्या अभ्यासाचा प्राथमिक अभ्यासक्रम श्रद्धेपासून सुरू होत असला तरी श्रद्धेवर थांबत नाही. जुन्या करारातील ३९ आणि नव्या करारातील २७ अशी ६६ पुस्तके समोर ठेवून विद्यार्थ्याला आधी विचारले जाते की, हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले. जुना करार प्रामुख्याने हिब्रू भाषेतला, नवा ग्रीकमधला. म्हणून या दोन्ही भाषांची तोंडओळख. त्यानंतर प्रकारभेद. इतिहास इतिहासासारखा वाचायचा, काव्य काव्यासारखे, पत्र पत्रासारखे. स्तोत्रातील उपमेला कायद्याचे कलम समजायचे नाही. एखादे वचन मागच्या-पुढच्या संदर्भातून उपटून काढायचे नाही. ग्रंथातून अर्थ काढणे वेगळे आणि ग्रंथात अर्थ घालणे वेगळे, हा भेद तर पहिल्याच महिन्यात मनावर ठसविला जातो. निरीक्षण, अर्थनिर्णय आणि उपयोजन अशा या तीन पायऱ्या आहेत, आणि तिसरीवर उडी मारण्याची मुभा कोणालाही नाही.

या शिस्तीचे फळ काय, ते एका उदाहरणावरून कळेल. मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय घ्या. त्यातील नवव्या वचनापासून विसाव्यापर्यंतची बारा वचने चौथ्या शतकातील दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत, म्हणजे व्हॅटिकन आणि सिनाई या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पोथ्यांत, नाहीत. तेथे शुभवर्तमान आठव्या वचनावरच संपते. पुढचा भाग नंतर जोडला गेला असावा, असे बहुसंख्य ख्रिस्ती पंडितांचेच मत आहे. आता या बारा वचनांत आहे काय? सर्व जगात जाऊन प्रचार करण्याची आज्ञा आहे. विश्वास ठेवणाऱ्यांच्या हातून भुते निघतील, त्यांनी रोग्यांवर हात ठेवले की रोगी बरे होतील, अशी आश्वासनेही येथेच आहेत. गावोगाव होणाऱ्या चंगाई सभांचा एक मोठा आधार हाच परिच्छेद आहे. (विश्वासणारे साप हाती धरतील आणि विष प्याले तरी त्यांना बाधा होणार नाही, असेही त्याच परिच्छेदात म्हटले आहे, सभेच्या फलकावर मात्र ते कधी येत नाही.)

प्रचाराची आज्ञा मत्तयच्या शेवटच्या अध्यायातही आहे आणि तेथील पाठाविषयी असा वाद नाही. रोग्यासाठी प्रार्थना करण्याचा उपदेशही बायबलमध्ये अन्यत्र आहे. तेव्हा या एका पाठभेदाने ख्रिस्ती मत कोसळते असे कोणी समजू नये, आणि तसा डांगोरा पिटण्याचे कारणही नाही. मुद्दा वेगळा आहे. सेमिनरीतील विद्यार्थ्याला जे पहिल्या वर्षी कळते, ते गावातल्या सभेत आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला कोणी सांगत नाही. महाविद्यालयात प्रश्न विचारणारा ग्रंथ वेशीवर पोहोचेपर्यंत नुसता आश्वासने देणारा होतो. उपचार थांबवून चंगाईवर विसंबलेल्या घराची जी हानी होते, ती भरून काढायला पुढे कोणीच येत नाही.

बरे, त्या आईच्या मदतीला जाणारा हिंदू कार्यकर्ता तरी काय घेऊन जातो? बहुधा एक घोषणा आणि एक पत्रक. पत्रकात बायबलमधील चार-दोन विचित्र वाटणारी वचने संदर्भ तोडून छापलेली असतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी पुराणांतील कथा निवडून निवडून हिंदूंना हिणविले, तेव्हा जो अन्याय झाला म्हणून आजही संताप होतो, त्याचीच ही नक्कल आहे. नक्कल करणाऱ्याला ते जाणवत नाही, इतकेच. आणि त्या घरातला बारावी झालेला मुलगा जेव्हा विचारतो की आपल्या ग्रंथात काय आहे व ते खरे कशावरून, तेव्हा पत्रक संपलेले असते.

पूर्वीची माणसे अशी निःशस्त्र नव्हती. जॉन विल्सनशी मुंबईत वाद झाल्यावर मोरभट दांडेकरांनी १८३१ साली ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. जकात खात्यात नोकरी केलेले विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालीत. त्या वादांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, यावरून त्यांचे वजन कळते. या सर्वांवर कळस चढविला तो लोकमान्यांनी. गीतेवर बायबलची छाया आहे, असे लोरिंझर या जर्मन पंडिताने १८६९ साली मांडले होते. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना टिळकांनी या आक्षेपाला शिवी दिली नाही. त्यांनी बायबल वाचले, कालनिर्णय तपासला, वचनाशी वचन ताडून पाहिले आणि ‘गीता आणि ख्रिस्ती बायबल’ असा स्वतंत्र भागच परिशिष्टात घातला.

त्याच ग्रंथाच्या आरंभी टिळक गीतेचे तात्पर्य ठरवायची कसोटी सांगतात. ती कसोटी मीमांसकांची आहे. उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ग्रंथ कोठे सुरू झाला व कोठे संपला, कोणती गोष्ट त्यात पुनःपुन्हा आली, नवे काय सांगितले, परिणाम काय झाला, स्तुतिनिंदेचा भाग कोणता, युक्तिवाद कोणता, हे पाहिल्यावाचून अर्थ सांगू नये. यवतमाळच्या वर्गात जे शिकवीत होते त्याहून हे कमी काटेकोर आहे काय? विधिवाक्य कोणते आणि अर्थवाद कोणता हा विवेक जैमिनींच्या सूत्रांवरील शबरभाष्यात पानोपानी आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक केवलानंद सरस्वती यांनी सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ महाराष्ट्रातच सिद्ध केला. तो कोश हाताळलेला पदवीधर हिंगोली जिल्ह्यात शोधायचा म्हटले तर दिवा घेऊनच निघावे लागेल.

पाठभेदाची चिकित्सा ही परकी विद्या आहे, ती श्रद्धेला मारक आहे, असे काही भाविकांना वाटते. त्यांनी मराठवाड्याकडेच पाहावे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला आणि पुढे त्यात पदरची ओवी कोणी घालू नये असे बजावले. ज्ञानेश्वरीवर नाथांहून अधिक श्रद्धा कोणाची होती? महानुभावांनी चक्रधरांची सूत्रे नीट जुळवून त्यांवर लक्षण, आचार आणि विचार यांचे स्थळग्रंथ मराठीतच रचले, आणि एकेका सूत्राच्या अर्थासाठी पिढ्यान् पिढ्या खल केला. अलीकडचे उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली; १२५९ हस्तलिखिते तिच्यासाठी पाहिली गेली. विष्णु सीताराम सुखटणकर त्या कामातच १९४३ साली गेले. महाभारताची थोरवी त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंचे नाव घेणे अनेकांना रुचणार नाही. ते घेतलेच पाहिजे. त्यांच्या धर्मांतराविषयी हिंदू समाजाला जे वाटायचे ते वाटो, परंतु बायबलच्या मराठी भाषांतरासाठी या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे ते काम केले आणि १९२२ साली मृत्यूच्या उंबरठ्यावर ते पुरे केले. ही शब्दनिष्ठा त्यांच्यात आली कोठून? अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरातून. आईवडिलांच्या तोंडून संस्कृत शिकलेली, यात्रेच्या वाटेवर पुराणे सांगत वाढलेली ही मुलगी. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली तिला ‘सरस्वती’ म्हटले ते तिच्या संस्कृतसाठी. हिंदू शास्त्राध्ययनाने घडविलेली बुद्धी हिंदू समाजाने राखली नाही आणि ती दुसऱ्यांच्या ग्रंथाच्या सेवेला लागली. त्याहून आधी, श्रीरामपूरला विल्यम कॅरेने १८०५ साली मत्तयचे शुभवर्तमान मराठीत छापले, त्यामागेही वैजनाथ पंडितांची विद्या होती. मिशनला विद्वान लागत होते आणि ते त्याला मिळत गेले. त्यांना राखून धरणारी घरची व्यवस्था मात्र नव्हती.

कायदा हवा, ही मागणी नेहमीची आहे. प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला आणि तो मोलाचा आहे. तथापि कायदा बळजबरी आणि आमिष रोखू शकतो. प्रश्न पडलेल्या मुलाला उत्तर देणे हे पोलीस ठाण्याचे काम नव्हे.

ते महाविद्यालयाचे काम आहे. सरकारी पैशावर पूर्णतः चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असे राज्यघटनेचे २८वे कलम सांगते. त्याचा बाऊ करून प्राचार्य मंडळी धर्मग्रंथांचे नावच टाळतात. अरुणा रॉय खटल्यात १२ सप्टेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कर्मकांडाचे व पंथाचे शिक्षण वेगळे आणि धर्मांचा अभ्यास वेगळा. दुसऱ्याला घटनेची आडकाठी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात जागा दिली आहे. ही जागा आयुर्वेदाची प्राथमिक माहिती आणि शून्याचा शोध एवढ्यावर भागवायची, की ग्रंथ वाचण्याचे शास्त्र तीत आणायचे, हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि त्याच्या महाविद्यालयांनी ठरवायचे आहे.

अभ्यासक्रम फार मोठा नको. मीमांसेचे तात्पर्यनिर्णयाचे नियम, नाथांचे ज्ञानेश्वरी-संशोधन, सुखटणकरांची पद्धत, ‘गीतारहस्या’चे पहिले प्रकरण आणि बायबलविषयीचा तो भाग, एवढे पुरे. बायबलचा खंड शिकवायला पुण्याहून सेमिनरीचाच अध्यापक बोलवावा. टिळकांनी मूळ ग्रंथ वाचला, मग त्यांच्या वारसांनी ऐकीव माहितीवर का भागवावे? हिंदू मुलाच्या हाती बायबल दिले तर तो वाहवेल, ही भीती बाळगणाऱ्यांचा स्वधर्मावर तरी कितपत विश्वास आहे?

विद्यापीठाची मान्यता मिळेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. हिंगोली आणि वाशीम या दोन्ही बाजूंच्या मुलांना कनेरगाव नाका सोयीचे पडते. सोयाबीन घरात आल्यापासून हळद शिजवायला लागेपर्यंतचे तीन-चार महिने संध्याकाळी थोडी सवड असते. शाळेची एक खोली, एक फळा, वाईहून किंवा पुण्याहून पंधरवड्याला येणारा एक शास्त्री आणि ‘गीतारहस्या’च्या दहा-बारा प्रती, एवढ्यावर पहिला वर्ग भरू शकतो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली आणि नोकरीअभावी शिकवण्या घेणारी तरुण माणसे या भागात मिळतील. त्यांना मानधन द्यावे लागेल, आणि ते एखाद्या उत्सवाच्या मंडपाच्या खर्चातून सहज निघेल.